पंचवीस शेळ्यांसाठी बोकड निवडताना

जातीचं नाव काढण्याआधी एक गोष्ट ठरवा: या बोकडापासून होणाऱ्या पाठी, म्हणजे मादी करडं, तुम्ही कळपात ठेवणार आहात, की नर-मादी सगळी करडं विकून मोकळे होणार आहात? बरेच जण हे सोडून थेट ‘बोअर बरी की उस्मानाबादी’ यावर भांडत बसतात. पाठी ठेवायच्या असतील तर तुम्ही नुसता बोकड घेत नाही, पुढच्या पाच-सहा वर्षांच्या आया घेता. मग त्या पाठीचं दूध, जुळी देण्याची सवय, खुरांची मजबुती, पावसात टिकण्याची ताकद हे सगळं बोकडात बघावं लागतं. सगळंच विकायचं असेल तर यातलं निम्मं विसरा आणि करडू किती लवकर वजन धरतं तेवढं बघा.

आम्ही गोव्यात सत्तरीत राहतो, वाळपईच्या पुढे. काजूची बाग आहे, थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे, आणि मटणासाठी शेळ्या आहेत. कळप वीस-पंचवीसच्या आसपास असतो, कारण माझा आणि नवऱ्याचा हात तेवढ्यालाच पुरतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या नि पाच बोकडांच्या युनिटपासून पुढे पन्नास टक्के भांडवली अनुदान मिळतं हे खरं. पण शंभर शेळ्यांना पावसाळ्यात पाला कोण तोडून आणणार, याचं उत्तर त्या अर्जात नसतं. मी जे सांगते ते लहान कळपाचं. पंचवीस शेळ्यांना एक पूर्ण वाढलेला बोकड पुरतो. पहिल्या वर्षातला कोवळा बोकड असेल तर दहा-पंधरा शेळ्यांवर थांबा.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांग्यात त्याहून जास्त. शेळीच्या बऱ्याचशा नावाजलेल्या जाती कोरड्या मुलखातल्या आहेत. उस्मानाबादी धाराशिव-लातूरकडची, सिरोही राजस्थानची, जमुनापारी चंबळ-यमुनेच्या खोऱ्यातली. तिथे शेळी मोकळ्या रानात कोरड्या जमिनीवर फिरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती लाकडी माचावर उभी असते, खाली शेणलेंड्यांचा वाफारा, बाहेर चिखल, आणि हिरव्यागार गवतावर कृमींची बीजं. खूर सडणं, खोकला, आणि रक्त पिणारे पोटातले गोल कृमी या तिघांनीच आमच्या भागात शेळ्या जातात. म्हणून माझ्या हिशोबात वजन दुसऱ्या नंबरवर येतं. ऑगस्ट महिन्यात जो बोकड ताठ उभा राहून चरतो, त्याची जात आधी विचारायची.

पाठी ठेवणाऱ्यांना मी कोकण कन्याळ सांगते. ही सिंधुदुर्गातली जात, म्हणजे आपल्याच पावसातली. कुडाळ, सावंतवाडीकडे कुणाच्याही दारात बघायला मिळते. राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यात निळेलीच्या प्रक्षेत्रावर तिच्यावर काम केलं आहे. ओळखायला सोपी: उंच पाय, अंग बहुतेक काळं, तोंडावर नाकपुड्यांपासून कानांकडे जाणारे दोन पांढरे पट्टे, लांब चपटे लोंबते कान आणि त्यांची कडा पांढरी. पूर्ण वाढलेला बोकड पन्नास किलोपर्यंत जातो. मटणवाल्याला हवं ते वजन यात बसतं. लांब पायांचा फायदा बागेत कळतो. काजूच्या खालच्या फांद्या, डोंगरउतारावरची झुडपं, हे तिला हाताशी असतं. बाजारात तिचं नाव बोअरइतकं चालत नाही, त्यामुळे विकणाराही अव्वाच्या सव्वा भाव सांगत नाही. हा तिचा मला सगळ्यात आवडणारा गुण.

मलबारी जातीकडे गोव्यातले लोक फारसं बघत नाहीत, ते मला पटत नाही. केरळच्या कण्णूर-कोझिकोडकडची ही शेळी आपल्याइतकाच पाऊस सोसते आणि जुळी देण्यात चांगली आहे. खात्रीचा माणूस आणि रेल्वे-ट्रकची सोय असेल तर जरूर विचार करा. जवळ मिळत नाही एवढीच तिची अडचण.

उस्मानाबादी वाईट नाही. काटक, जुळी देणारी, काळी कुळकुळीत, आणि काळ्या बोकडाला आमच्याकडे गिऱ्हाईक पटकन मिळतं. ज्यांचा गोठा उंचावर, चिऱ्यांच्या जोत्यावर आहे आणि जे पावसाळाभर शेळी बाहेर सोडतच नाहीत, त्यांनी घ्यायला हरकत नाही. मोकळं चारायचं असेल तर खुरांकडे रोज बघायची तयारी ठेवा. जमुनापारी आणि बीटल मोठ्या अंगाच्या, पण खाणंही तसंच. आमच्या पाल्यावर त्यांचं भागत नाही. सिरोहीबद्दल एवढंच की म्हापसा-डिचोलीकडे ती हौसेने आणलेली दिसते, आणि हौस बहुतेक पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकते.

बोअरबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकतो. ही दक्षिण आफ्रिकेतली खास मटणाची जात. पांढरं अंग, तांबूस डोकं, रुंद छाती, भरलेले मागचे पुठ्ठे. आपल्याकडे ती रुळवण्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. जातिवंत नर शंभर किलोच्या वर जातो. गावठी शेळीवर बोअरचा बोकड लावला की पहिल्या पिढीची करडं खरंच जोमात वाढतात; दोन लांबच्या रक्तांचा संकर पहिल्या पिढीत फळतोच. म्हणजे सगळी करडं विकणाऱ्याला बोअर फायद्याची. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, करडाचा आकार. बोअरचं करडू जन्मतःच तीन-चार किलोचं असू शकतं, गावठी करडू दोनच्या आसपास. पहिल्या वेताच्या बारक्या पाठीवर असा बोकड सोडला तर ती अडते. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, डॉक्टर येईपर्यंत काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बोअर लावायचाच तर दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, रुंद कमरेच्या शेळ्यांना लावा. नाहीतर पूर्ण बोअरऐवजी अर्ध्या रक्ताचा बोकड तेवढ्यापुरता लावून आणा.

दुसरी गोष्ट खाण्याची. बोअरचं रक्त पाल्यावर एकट्याने वाढत नाही. मका, पेंड, खनिज मिश्रण हवं. फुकटचा काजू-फणसाचा पाला हेच ज्याचं भांडवल, त्याने बोअर घेऊन खुराकाचं बिल वाढवण्यात काय अर्थ?

तिसरी, फसवणूक. डोकं तांबडं दिसलं की दलाल बोअर म्हणून विकतो. आई-बाप दाखव म्हणा. आई जागेवर नसेल, तिचा फोटोही नसेल, किती पिढ्यांचं रक्त आहे हे त्याला सांगता येत नसेल, तर गावठी बोकडाचा भाव द्या किंवा चहा पिऊन परत या. आणि पहिल्या पिढीच्या संकरित नराला कळपाचा मुख्य बोकड म्हणून ठेवू नका. त्याची करडं एकसारखी येत नाहीत, कुणी बापावर जातं, कुणी आजीवर, आणि गिऱ्हाइकाला एकसारखा माल हवा असतो.

माझी स्वतःची मांडणी अशी: कळपाचा मुख्य बोकड कोकण कन्याळ. ज्या शेळ्यांच्या पाठी ठेवायच्या नाहीत, म्हणजे वयस्क, कमी दुधाच्या, पण अंगाने रुंद, त्यांना ओळखीच्याकडे नेऊन अर्ध-बोअर बोकड लावून आणते. दोन बोकड पोसण्याची गरज पडत नाही.

गिऱ्हाईक कोण, हेही आधी बघा. रोजच्या मटणवाल्याला वीस-पंचवीस किलो जिवंत वजनाचा बोकड सोयीचा. कापल्यावर त्यातलं निम्म्याहून थोडं कमीच मटण हाती येतं आणि एका दिवसात खपतं. पन्नास किलोचं धूड त्याला परवडत नाही, तो भाव पाडून मागतो. बकरी ईदचा घेणारा वेगळा: त्याला वर्ष पुरं झालेला, दिसायला देखणा, शिंग न मोडलेला, कान न फाटलेला, न लंगडणारा नर लागतो, आणि तो वजनापलीकडे रूपाचे पैसे देतो. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. शेळी पाच महिन्यांनी विते, करडाला वर्ष पुरं व्हायला हवं, म्हणजे ईदच्या किमान सतरा महिने आधी शेळी फळलेली पाहिजे. कॅलेंडर उलटं मोजून बोकड कधी सोडायचा ते ठरवा. ईदसाठी ठेवलेल्या नरांच्या कानात बिल्ला मारताना सांभाळून मारा. फांदीत अडकून कान फाटला की गिऱ्हाईक गेलं.

आमच्याकडे बाकीचं वेत मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यावं असं बघते. पाऊस सरलेला, पाला कोवळा, करडं कोरड्यात वाढतात. त्यासाठी बोकड मे-जूनमध्ये. जुलैत जन्मलेलं करडू जगवणं म्हणजे नुसती उस्तवार.

जात ठरली, आता जनावर. बोकड बघायला सकाळी जा, तो बांधलेला असताना नव्हे, सोडलेला असताना. मालकाला सांगा, ‘काका, जरा चालवून दाखवा.’ चिऱ्यांच्या खडबडीत अंगणात चालला तर उत्तम, कारण पायाची खोड तिथेच दिसते. मागून बघा: मागचे गुडघे एकमेकांना घासत असतील तर नको. बाजूने बघा: खुराच्या वरचा सांधा सरळ उभा हवा, लवून जमिनीला टेकायला आलेला नको. शेळीवर चढताना बोकडाचं सगळं ओझं मागच्या दोन पायांवर येतं, तेव्हा पाय गेला की बोकड गेला. एक-एक खूर उचला, दोन नखांच्या मधे बोट घाला आणि नाकाशी न्या. कुजका वास आला तर सडण सुरू आहे, वरून कितीही स्वच्छ दिसो.

मग तोंड उघडा. खालचे आठही दात दुधाचे, म्हणजे वर्षाच्या आतला. मधले दोन मोठे आले, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा, दोन दाती. चार मोठे, म्हणजे दीड-दोन वर्षांचा. मला दोन दातीच आवडतो: कामाला तयार आणि पुढे वापरायला वर्षं शिल्लक. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीला बरोबर टेकतात का बघा. जबडा पुढे-मागे असेल तर तो नीट ओरबाडून खाऊ शकत नाही, आणि ही खोड पिलांत उतरते. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी हवा. पांढुरका असेल तर पोटात कृमी रक्त पीत बसलेत.

यानंतर लोक लाजतात ते काम. मागे बसा आणि दोन्ही अंडं हातात घेऊन चाचपा. दोन्ही खाली उतरलेली, एकसारखी, घट्ट पण दगडासारखी कडक नव्हेत, आणि हाताखाली सरळ मागे-पुढे सरकणारी हवीत. एक मोठं एक लहान, किंवा कुठे गाठ, तर सोडून द्या. एकच अंड उतरलेला बोकड फळवेल कदाचित, पण तो दोष पुढच्या नरांत जातो. त्याच्यापुढची बारकी सडं मोजा. बोकडालाही दोन सडं असतात; जादाची किंवा एकाला चिकटून दुसरं असेल तर तीच खोड त्याच्या पाठींच्या कासेत येते आणि करडाला दूध ओढता येत नाही. पाठी विकणाऱ्याने याकडे कानाडोळा केला तरी चालेल, ठेवणाऱ्याने अजिबात नाही.

शिंगांचंही बघा. बिनशिंगी बोकड दिसायला गरीब वाटतो, पोरांना मारत नाही, म्हणून लोक मुद्दाम घेतात. पण जन्मतः बिनशिंगी बोकड जन्मतः बिनशिंगी शेळीला लावला तर काही माद्या धड मादी ना धड नर अशा निपजतात, आणि त्या कधीच गाभण राहत नाहीत. तुमच्या कळपात बिनशिंगी शेळ्या असतील तर बोकड शिंगांचाच घ्या.

वजन उक्तं सांगितलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका. शिंप्याची टेप खिशात ठेवा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत वजन. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर एकतीस किलोच्या आसपास. दलाल चाळीस म्हणत असेल तर टेप त्याच्याच हातात द्या.

शेवटी आई. बोकडापेक्षा मी त्याच्या आईकडे जास्त वेळ बघते: जुळी किती वेळा दिली, दोन्ही करडं आपल्या दुधावर वाढवली का, कास सैल लोंबते का. जुळ्यातला बोकड घ्या. जुळ्यातला म्हणून तो बारीक दिसला तरी घाबरू नका, हाडं मोठी असली की भरतो.

पैसे देण्याआधी रक्ताचा नमुना काढायला सांगा. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेला, बोकडाबरोबर येतो, कळप गाभडतो आणि तो आजार माणसालाही लागतो. हे काम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून होतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस कधी दिली ते विचारा, एका लसीची प्रतिकारशक्ती तीनेक वर्षं टिकते. आंत्रविषाराची मात्र दरवर्षी पावसाआधी द्यावी लागते. चांगल्या रक्ताच्या कन्याळसाठी जुन्या गोव्याला एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तिथल्याच कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून ठेवा. दक्षिण गोव्यातल्या लोकांना मडगावचं केंद्र जवळ.

आणायची वेळ दिवाळीनंतरची. बेळगावच्या कोरड्या माळावरचा बोकड जूनमध्ये चोर्ला घाट उतरवून सत्तरीच्या पावसात आणलात तर तो आठवड्यात खोकायला लागेल. आणल्यावर महिनाभर कळपापासून लांब बांधा. जंताचं औषध द्या, खुरं कापा, आणि दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट घालून त्यात पाय बुडवा. जुन्या मालकाकडचं खाणं थोडं सोबत आणा आणि हळूहळू आपला पाला सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये बागेत काजूच्या बोंडूंचा सडा पडलेला असतो, नवा बोकड त्यावर तुटून पडतो आणि पोट फुगून लोळतो. आमच्या शेळ्यांना सवय आहे, त्याला नसते. त्या दिवसांत त्याला बांधूनच ठेवा.

कळपात सोडताना गेरू तेलात कालवून त्याच्या छातीला फासा. ज्या शेळीवर चढेल तिच्या पाठीवर तांबडा डाग पडतो, तारीख लिहून ठेवा. शेळीचा माज एकवीस दिवसांनी फिरतो, म्हणून तीन आठवड्यांनी रंग बदला, काजळी घ्या. दुसऱ्या रंगाचे डाग पुन्हा बहुतेक शेळ्यांवर दिसले तर त्या उलटल्या, म्हणजे फळल्याच नाहीत, आणि बोकडात दोष आहे. एखाद-दुसरीवर दिसले तर दोष त्या शेळीत. हे कळायला गाभण तपासणीची वाट बघावी लागत नाही.

बोकड किती वर्षं ठेवायचा? सगळे दोन वर्षं सांगतात. पण हिशोब करून बघा: तो कळपात सोडल्यापासून पाच महिन्यांनी करडं, आणि पाठ सात-आठ महिन्यांत माजावर येते. म्हणजे तेराव्या महिन्यात बाप आणि लेक एकाच गोठ्यात. पाठी वेगळ्या कोंडायची सोय असेल तरच दोन वर्षं, नाहीतर वर्षभरात बदला. नर करडंही तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी करा, ती वाटतात त्यापेक्षा लवकर वयात येतात. बोकड विकण्यापेक्षा पेडण्या-डिचोलीकडच्या कुणाशी अदलाबदल करणं बरं, दोघांचे पैसे वाचतात. अदलाबदलीतही तोंड, खुरं, अंडं सगळं पुन्हा तपासायचं आणि रक्ताचा रिपोर्ट मागायचा, नातेवाईक असला तरी. कुणी घेणारा नसेल तर त्याला खच्ची करून दोन-अडीच महिने खुराकावर ठेवा. बोकडाचा उग्र वास तोवर उतरतो, अंग भरतं, आणि मटणवाला कुरकुर न करता घेऊन जातो.